साइमीचा माइक चालू होता

कोर्पिवारा
८ एप्रिल २०२०

प्रिय हिल्का,

तुझं कार्ड पोचलं. यंदा ईस्टरला तुला येता येणार नाही हे ठाऊकच होतं, सीमा बंद म्हटल्यावर काय करणार, तरी तुझ्या अक्षरात ते वाचलं आणि घर उगाच मोठं वाटायला लागलं. गुडघा कसा आहे? वेस्तेरोसला बर्फ वितळला म्हणतेस. आमच्याकडे तळं अजून पांढरंफटक आहे. राय धान्याच्या पिठाची ईस्टरची खीर मी नेहमीच्याच मापाने करून बसले, आता एकटी महिनाभर खात बसेन.

पत्र एवढ्यासाठी की फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या पुढे जात नाही.

शाळा बंद आहे. म्हणजे इमारतीला कुलूप आहे, शाळा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरते. सकाळी कॉम्प्युटर उघडला की एकेक चौकट उजळते आणि तीत एकेक तोंड दिसतं. कुणी अंथरुणातून उठून तसंच बसलेलं, कुणी तोंडात पाव कोंबून. पहिल्या दिवशी मी चांगला पाव तास भागाकार शिकवला. पोरं इतकी गप्प की मी मनात म्हटलं, घरी बसून शहाणी झाली. मग ओइवाने एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला, त्यावर मोठ्या अक्षरांत: 'बाई, तुमचा माइक बंद आहे.' हा ओइवा म्हणजे गिरणीच्या वाटेवर राहतात त्यांचा. त्याचे आजोबा परवा भर तासाला नुसता टॉवेल गुंडाळून त्याच्या मागून सॉनाकडे निघाले होते. सगळ्या वर्गाने हात हलवले. त्यांनीही हलवला, टॉवेल न धरलेला, देवाची कृपा.

अडतीस वर्षं शिकवतेय आणि आता पुन्हा शिकाऊ झालेय. खरं सांगू, मला अजून कोणत्या चौकटीतून कुणाचा आवाज येतो तेही कळत नाही. काल एकीच्या बडबडीबद्दल दुसरीलाच रागावले.

तुझी नात माझी गुरू झालीय. तास संपला की साइमी मागे थांबते आणि मला शिकवते. 'बाई, तिकडे नाही, खाली. लाल रंगाचं. दाबलंत? आता घाबरू नका, काही बिघडत नाही.' शाळेत ती मला मावशीआजी म्हणत नाही, बाईच म्हणते. त्या बाबतीत फार कडक आहे.

हल्ली ती कॅमेरा बंद ठेवते. काळी चौकट आणि त्यावर नाव. मी तिला एकटीला लिहून विचारलं, 'कॅमेरा बिघडला का?' तिने लिहिलं, 'नाही.' एवढंच. या वयात मुलींना आपलं तोंड आवडेनासं होतं, तसंच काही असेल.

तार्मोला गिरणीने घरी बसवलंय, हे तुला त्याने सांगितलंच असेल. बोलतो का तो तुझ्याशी? मला परवा एकदम आठवलं, शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचं. हेडमास्तरांनी त्यावर विणलेला रुमाल घालून ठेवला होता आणि आम्ही सगळे लांबूनच बघायचो. तारा जोडल्या त्या तुझ्या तार्मोने. चौथीत होता. दातांत जीभ धरून सगळं जोडलं आणि मला म्हणाला, 'मावशी, लाव हात. चावत नाही हा.' इतकं गोड पोर होतं.

त्याला एक फोन करशील का? मी सांगितलं म्हणून कळू देऊ नकोस, सहज केल्यासारखा कर. आणि साइमीला फोन द्यायला लाव. ती काय बोलते ते मला कळव. नक्की कळव.

बाकी सगळं ठीक.

तुझी
केर्त्तू


कोर्पिवारा
२९ एप्रिल २०२०

हिल्का,

तू फोन आपटलास आणि त्यानंतर उचलत नाहीस. ठीक आहे. तुला जे कळलंय ते तार्मोच्या तोंडून कळलंय. आता माझ्याकडून ऐक. वाचायचं नसेल तर ठेवून दे, पण फाडू नकोस.

त्या सोमवारी वाचनाचा तास होता. सारस पक्ष्यांवरचा धडा, एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा. साइमीची पाळी आली. तिने माइक चालू केला आणि वाचायला लागली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तार्मो ओरडला, 'झालं पुन्हा सुरू! दिवसभर ही कटकट! कान किटले माझे!'

आता हे नीट लक्षात घे. वर्गात माइक बंद करण्यात साइमीइतकं चपळ कुणी नाही. घरात कुणी खोकलं तरी तिचं बोट बटणावर जातं. त्या दिवशी गेलं नाही. तिने आवाज चढवला आणि पुढचं वाक्य वाचलं.

'बंद कर म्हणतोय ना!'

आणि मग तो आवाज आला. तो कसा असतो हे तुला लिहून सांगायला नको. तू रेइनोला सोडून, लहानग्या तार्मोला घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस तेव्हा आपण दोघींनी मिळून त्याच्या कानाला बर्फ लावला होता.

साइमी थांबली. तिचा श्वास ऐकू आला. मग तिने पुढचं वाक्य वाचलं, हिल्का. पुन्हा तो आवाज. पुन्हा वाक्य. परिच्छेद संपेपर्यंत तिने वाचणं सोडलं नाही. कुठे कुठे अडखळत होती, पण एक शब्द गाळला नाही. माझ्या समोर पुस्तक उघडं होतं आणि मी मूर्खासारखं त्यात बोट ठेवून तिच्याबरोबर ओळी बघत होते.

ओइवा म्हणाला, 'बाई, साइमीला कोण मारतंय?'

मी तास बंद केला असता तर सगळ्यांबरोबर तिचीही चौकट गेली असती आणि ती त्या घरात एकटी उरली असती. मला यंत्रातलं जे काही थोडंफार कळतं त्यात एवढं कळत होतं, तेही तिनेच शिकवलेलं. मी म्हटलं, 'मुलांनो, सगळे बाहेर पडा. आत्ताच्या आत्ता. साइमी, तू थांब.' एकेक तोंड विझत गेलं. ओइवा शेवटी गेला, जाता जाता रडत होता. काळी चौकट तेवढी राहिली.

मी म्हटलं, 'तार्मो. मी केर्त्तू. मी सगळं ऐकतेय.'

मग त्याचा आवाज आला, लहान पोराचा असावा तसा. 'मावशी?'

आणि लॅपटॉपचं झाकण आपटलं.

मी पोलिसांना फोन केला आणि त्यांची वाट न बघता गाडी काढली. रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. तार्मो अंगणातच उभा होता, बिनकोटाचा.

'तू माझ्या घरात घुसलीस,' तो म्हणाला. 'त्या डब्यातून माझ्या घरात घुसलीस.'

'पोरगी कुठे आहे?'

'आत आहे. काही झालेलं नाही तिला.'

'मग बघू दे मला.'

'कोण म्हणून आलीयस? शाळेची बाई की मावशी?'

मी म्हटलं, 'पोलिसांना फोन करून आलेय.'

मला वाटलं, आता माझ्यावर हात टाकणार. त्याने टाकला नाही. तो पायरीवर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून घेतले, तसाच बसून राहिला. मी त्याच्या बाजूने आत गेले, त्याने अडवलं नाही.

साइमी टेबलाशीच होती. एक गाल लाल, आणि कानामागे जुना, पिवळा पडलेला डाग. कॅमेरा बंद का असायचा ते मला तेव्हा कळलं. तिची आई योन्ना चुलीकडे तोंड करून उभी होती. पोलीस आल्यावर तिने सांगितलं की लॅपटॉप टेबलावरून पडला, त्याचा आवाज असणार. हे सांगताना तिचा स्वतःचा ओठ सुजलेला होता.

मुलांच्या संरक्षण विभागाची बाई कायानीहून आली, पोरसवदाच होती, पण बोलायला मऊ. तिने साइमीला पिशवी भरायला सांगितली. साइमीने दोन सदरे घेतले आणि शाळेचा लॅपटॉप छातीशी धरला. गाडीत बसताना मला विचारते, 'बाई, उद्या तास आहे ना?'

'आहे.'

'मग मी येईन. कुठूनही येता येतं. फक्त वाय-फाय लागतं.'

दुसऱ्या दिवशी ती आली. कॅमेरा चालू करून. मागे अनोळखी भिंत, त्यावर कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो. मुलांनी काही विचारलं नाही. मी भागाकार पुढे चालू ठेवला.

फोनवर तू विचारलंस, 'आधी मला का नाही सांगितलंस? मी बोलले असते त्याच्याशी.' मी सांगायलाच बसले होते, हिल्का. आठ तारखेचं पत्र काढून बघ. काळ्या चौकटीपर्यंत आले आणि तिथून हेडमास्तरांच्या रुमालाकडे वळले. मला भीती वाटत होती, पण कशाची ते तेव्हा नक्की माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

आणि तू म्हणालीस, 'शब्द मागे घे. म्हण, नीट ऐकू आलं नाही. तुला त्या यंत्रातलं काय कळतं, सगळं गाव जाणतं. कुणालाही पटेल.'

पटेल, हे खरं आहे. मी नाही घेणार.

केर्त्तू


कोर्पिवारा
१४ मार्च २०२१

हिल्का,

तार्मो तुझ्याकडे राहायला आला, हे मला योन्नाकडून कळलं. म्हणजे हे पत्र आता त्याच घरात येणार. असू दे. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

ओउलूच्या न्यायालयात काय झालं ते त्याने तुला सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. मी माझ्या बाजूने सांगते.

साइमीला परत घरी पाठवायचं की विभागाने तिला ज्या कुटुंबाकडे ठेवलंय तिथेच राहू द्यायचं, एवढाच प्रश्न होता. मारहाणीचा खटला वेगळा, त्यात पुढे त्याला शिक्षा झाली, तुरुंग टळला, ते तुला माहीत आहे. ओउलूला मला साक्षीला बोलावलं होतं. लांबलचक टेबल, पाण्याच्या सुरया, सगळ्यांच्या तोंडाला मुखपट्ट्या. तार्मोची वकीलबाई फार सभ्य होती. तिने मला शाळेतल्या कामाबद्दल विचारलं, नोकरीची वर्षं विचारली, मुलं मला किती मानतात तेही विचारलं. मग तिने फायलीतून एक कागद काढला. निळी शाई, माझंच अक्षर.

ती वाचायला लागली. भागाकाराचं वाचलं, माइकचं वाचलं. 'मला अजून कोणत्या चौकटीतून कुणाचा आवाज येतो तेही कळत नाही.' हे तिने सावकाश वाचलं. तुला हसवायला लिहिलेलं ते, एकटी बसलेली असशील म्हणून. त्या खोलीत ते ऐकताना मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

'हे पत्र तुम्ही लिहिलंय?'

'हो.'

'त्यातलं खरं आहे?'

'खरं आहे.'

'म्हणजे आवाज कुठल्या घरातून आला हे तुम्हाला ओळखता येत नव्हतं, असं तुमचंच म्हणणं आहे. आणि त्या आवाजावरून तुम्ही एक घर मोडलंत.'

मी म्हटलं, 'मला यंत्रातलं फार कळत नाही. पण मी सगळ्या मुलांना बाहेर जायला सांगितलं होतं. एकच चौकट उरली होती. आणि तिच्यातून माझ्या भाच्याने मला हाक मारली.'

वकीलबाई म्हणाली, असा काही पुरावा नाही. खरंच नव्हता. योन्ना लॅपटॉप पडला आणि पोरीचे डाग खेळताना पडल्याचे, यावरच ठाम होती. ओइवाच्या आईने लेखी दिलं होतं, पण तिने काही कानांनी ऐकलेलं नव्हतं, मुलाने सांगितलं तेच लिहिलं होतं, आणि मुलांना तिथे बोलवायचं नाही असं ठरलं होतं. उरले मी. आणि मी कशी आहे ते नुकतंच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

न्यायाधीशबाईंनी तार्मोकडे बघून विचारलं, 'तुम्ही हाक मारली होती का?'

वकीलबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. काही बोलू नको, असा. तो टेबलाकडे बघत होता. मी त्याला सहा वर्षं शिकवलंय, तो खोटं बोलायच्या आधी वर बघतो, हे मला माहीत आहे. त्याने वर बघितलं नाही. म्हणाला, 'मारली.'

मग कुणी न विचारताच म्हणाला, 'ती वाचायची थांबत नव्हती. मी सांगत होतो तरी थांबत नव्हती.'

बस. त्यानंतर काही उरलं नाही. योन्ना उठून बाहेर गेली. निकाल नंतर टपालाने आला, साइमी तिथेच राहणार.

पत्र तू दिलंस. रेइनोपासून ज्याला तू वाचवून आणलंस त्याला तू तिथे एकटा टाकणार नव्हतीस, एवढं मला समजतं. पण माझे विनोद दिलेस, हिल्का. ते मला गिळता येत नाही. याहून जास्त मी या विषयावर लिहीत नाही, कधीच लिहिणार नाही.

गावाचं सांगते, कारण दुसरं कोण तुला सांगणार. दुकानात मी शिरले की बोलणं थांबतं. पालकांनी मिळून नगरपालिकेला अर्ज केला, घरून शाळा भरली तर कॅमेऱ्याची सक्ती नको, बाई घरात डोकावतात. ज्यांची मुलं मी वाचायला शिकवली आणि ज्यांना स्वतःला मी वाचायला शिकवलं, त्यांच्या सह्या. नोव्हेंबरात साथीमुळे आमची शाळा पुन्हा काही दिवस घरून भरली, तेव्हा सगळा पडदा काळा होता. नुसती नावं. ओइवाचा चेहरा तेवढा होता, तोही मान खाली घातलेला. मी त्या काळ्या चौकटींना नद्यांची नावं शिकवली. कुठे काही खट्ट झालं की शिकवता शिकवता थांबायचे आणि कान द्यायचे. आणि कुठे काही आवाज व्हायच्या आत पलीकडून माइक बंद. आता सगळी मुलं साइमीइतकी चपळ झालीत. आईबापांनी शिकवलं असणार.

मला निवृत्त व्हा म्हणून सुचवून झालंय. मी अजून होकार दिलेला नाही.

आता साइमीचं. ती ठीक आहे असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, म्हणून लिहीत नाही. खाते, वाढते, दोन बोटं उंच झालीय. त्या घरची पिर्क्को चांगली बाई आहे, फार प्रश्न विचारत नाही. पण पोरगी मोठ्याने वाचत नाही. नव्या शाळेतल्या बाईंनी मला फोन केला होता, म्हणाल्या, उत्तर कागदावर लिहून दाखवते, धडा विचारला की मान हलवते. ज्या पोरीने त्या दिवशी एक शब्द गाळला नाही, ती आता शब्द काढत नाही. नव्या बाईंना मी काय सांगणार? म्हटलं, कागद घेत जा.

माझ्याशी बोलते. रविवारी, व्हिडिओवर. फोन उचलला की पहिलं, 'मावशीआजी, फोन फिरव.' मग मी फोन गोल फिरवते, चूल, खिडकी, दारामागचा कोपरासुद्धा. कुणी नाही अशी खात्री झाली की बोलायला लागते, आणि मग थांबत नाही. कुत्र्याला पिल्लं झाली, पिर्क्कोला धिरडी घालता येत नाहीत, करपतात, असलं सगळं.

मागच्या रविवारी तिने विचारलं, 'बाबा आजीकडे आहेत ना?'

मी म्हटलं, 'हो.'

'आजीने फोन केला तर त्यांना ऐकू जाईल.'

मग उपायही तिनेच काढला. 'आजीच्या इमारतीखाली बाक आहे ना, लिलाकच्या झाडाजवळचा? तिला सांग तिथून कर. थंडी असेल तर कोट घालून. तिला बटण कुठलं ते मी सांगेन, तिला कळत नाही.'

मी विचारलं, 'आणि बाबांना बोलायचं असलं तर?'

तिने बराच वेळ कुत्र्याला कुरवाळलं. मग म्हणाली, 'मी बोलायच्या आधी ते ऐकायला शिकू देत.' हे तिचे शब्द आहेत, मी सजवलेले नाहीत. कुणी तिला शिकवले असतील तर ते मला माहीत नाही.

तर असं आहे. तू माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मला आता त्याची सवय होत आलीय. तिला फोन कर, बाकावरून. तार्मो शेजारी उभा असताना करू नकोस, कारण ती फोन फिरवायला सांगेल, आणि तुला फिरवावा लागेल.

तिचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय.

तार्मो, हे पाकीट तू आधी उघडलं असशील तर परत चिकटव आणि आईच्या हातात दे. पोरीने आजीला बोलावलंय. तुला नाही. अजून तरी नाही.

केर्त्तू